समाधीपाशी थांबणारी वारी

महाद्वारात आलो की आपण काय करतो? डोकं आधी चोखोबारायांच्या समाधीवर टेकवतो, मग नामदेव पायरीला हात लावून तो कपाळाला लावतो, पायरीवर पाय पडू नये म्हणून जपून ओलांडतो आणि आत जातो. आत जाणं जमलं नाही तर कळसाला हात जोडून माघारी फिरतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याचा कुणी विचार करत नाही. पण आपली दिंडी पहिल्यांदा पंढरीला निघाली त्या काळात, आपल्याच बरोबर चालत आलेल्या काही माणसांची वारी त्या समाधीपाशीच संपत होती. समाधीच्या पुढे पाऊल टाकायची त्यांना बंदी होती. देवळाच्या आतलं ते कधी बघू शकले नाहीत.

दिंडीला शंभर वर्षं झाली त्यानिमित्त मला "दिंडी आणि समाज" असा विषय दिलाय. अन्नदान, वृक्षारोपण, शाळेला दिलेली देणगी हे सगळं इतरांनी लिहिलंच आहे. मी त्या समाधीपाशी थांबणाऱ्यांबद्दल लिहितो. शंभरातली पहिली वीस-बावीस वर्षं तशीच गेली आहेत, ती वगळून इतिहास लिहिता येणार नाही.

चोखोबांची कथा आपल्याला कीर्तनातून पाठ आहे. जातीने महार. घरात सगळीच भक्तमंडळी. बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सगळ्यांचे अभंग आहेत. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबत असताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. येऊ दे. पण त्या कथेतला वेठ हा शब्द आपण भराभर ओलांडून जातो. चोखोबा तिथे हौसेने गेले नव्हते. गावकीने धरून नेलं म्हणून गेले होते.

पुढे सहाशे वर्षं चोखोबांच्या जातीच्या माणसाला पंढरीत जिथवर जाता येत होतं, ती हद्द म्हणजे ही समाधी. वारीतसुद्धा जागा ठरलेली. माउलींच्या सोहळ्यात अश्वाच्याही पुढे अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या दिंड्या चालत. याचे दोन अर्थ लावणारे दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिलेत. एक म्हणतात, तो मान होता, सगळ्यांच्या पुढे. दुसरे म्हणतात, मान असता तर रथाजवळ जागा दिली असती, लांब पुढे कशाला? मला दुसऱ्यांचं म्हणणं पटतं. माउलींच्या अश्वाच्या टापेखालची माती आपण रिंगणात कपाळाला लावतो. तो अश्व माउलींचं रूप, म्हणून. त्याच अश्वापुढे टाळ वाजवत चालणाऱ्या माणसाचा स्पर्श झाला तर आंघोळ करणारे लोक त्याच वारीत होते.

आपल्या संप्रदायात मुक्या जनावराबद्दलची दया फार जुनी आहे. माळ घातली की मांस सुटलं. एकनाथ महाराजांनी तहानलेल्या गाढवाला गंगेची कावड पाजली, ही गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते. त्याच नाथांनी वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारं महाराचं पोर कडेवर घेतलं, तीही गोष्ट आपण सांगतो. पण दोन्ही गोष्टींतली कोणती आपण घरी नेली? जत्रेतला बोकड सोडवायला माळकरी पुढे झाले. गाडगेबाबांनी तर कीर्तनामागून कीर्तनं त्यासाठी केली. स्वतःच्या मुलीच्या बारशाला भावकीचा रोष पत्करून त्यांनी मटण आणि दारूऐवजी गोड जेवण घातलं होतं. बोकड सुटला हे चांगलंच झालं. तो पाहायचा तो डोळा गावकुसाबाहेरच्या माणसाकडे मात्र फार उशिरा वळला. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा म्हणून. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. तरी माणसांना ओंजळभर पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तिथे जावं लागलं. पाणी प्यायलेल्यांना त्या दिवशी मारही खावा लागला. आपली दिंडी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती.

त्यानंतर नाशिकचा काळाराम. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे कार्यकर्ते जिवाचं रान करत होते, पाचेक वर्षं तो चालला आणि दार काही उघडलं नाही. बाबासाहेबांचं मन तेव्हाच देवळांवरून उडालं होतं. १९३३ सालच्या मंदिरप्रवेश विधेयकावर त्यांनी स्पष्ट विचारलं होतं, की देवळात घेणं ही तुमची शेवटची पायरी की पहिली? शेवटचीच असेल तर आम्हाला त्यात रस नाही. शाळा, नोकरी, मानाने जगणं, हे आधी. १९३५ साली येवल्याला त्यांनी जाहीरच केलं की हिंदू म्हणून मरणार नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात रमाबाई गेल्या. त्यांना पंढरीला जायची फार ओढ होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं होतं, की जिथे भक्ताला दाराबाहेर उभं राहावं लागतं तिथे जाऊन काय करायचं, आपण आपल्या कामाने दुसरी पंढरी उभी करू. आपल्या घरातली म्हातारी आई पंढरीची आस धरून बसली आणि आपण तिला नेऊ शकलो नाही, तर जन्मभर मनाला लागतं. इथे तर नेणारा होता, पैसा जमवता आला असता, रेल्वे होती. नेऊन पुढे काय, हाच प्रश्न होता. मी कीर्तनाला बसतो तेव्हा मला चोखोबांच्या कथेइतकीच ही गोष्ट आठवते.

दार उघडलं ते साने गुरुजींमुळे. पांडुरंग सदाशिव साने, कोकणातल्या पालगडचे, अमळनेरच्या शाळेत मास्तर. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली, एवढं सगळ्यांना माहीत असतं. नावातच पांडुरंग. १९४६ च्या अखेरीला त्यांनी ठरवलं की पंढरीचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण करायचं. मित्रांनी थांबवलं, आधी लोकांपुढे जा म्हणाले. मग सेनापती बापट आणि सेवा दलाची तरुण मुलं यांच्या साथीने गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर हिंडले. गावोगाव सभा, मेळे, पोवाडे. त्या दौऱ्यात कितीतरी गावांनी आपलं ग्रामदैवताचं देऊळ आणि विहीर खुली केली. त्या विहिरींची गोष्ट मागे पडली आणि उपोषणाचीच लक्षात राहिली, हे मला नेहमी खटकतं. रोजच्या जगण्यात देवळाआधी विहीर लागते.

मुंबई प्रांतात १९३८ साली एक कायदा झाला होता, पण देऊळ खुलं करायचं की नाही हे त्यात विश्वस्तांच्या इच्छेवर होतं. पंढरीत ती इच्छा नव्हती. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. मठाने जागा दिली हे आपण वारकऱ्यांनी विसरू नये. त्या वेळी वारकरी मंडळींतही दोन तट होते, आणि जागा देणं म्हणजे आपल्याच माणसांचा राग ओढवून घेणं होतं.

विरोध करणारे सगळे दुष्ट होते असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. त्यांच्यात नेमाने वारी करणारे, एकादशीला पाणीही न घेणारे लोक होते. त्यांचं म्हणणं असं: देवाच्या सेवेचे सोवळ्याचे नियम पिढ्यान् पिढ्या चालत आले, ते मोडायचा अधिकार बाहेरच्याला कुणी दिला? चोखोबांनी स्वतः कधी दार ढकललं नाही, बाहेर राहूनही त्यांना देव भेटला, मग तुम्हाला आतच कशाला यायचंय? आणि उपोषण म्हणजे जिवाची धमकी देऊन होकार काढणं नव्हे का? यातला तिसरा प्रश्न खरोखर अवघड आहे. खुद्द गांधीजींनीही तार करून गुरुजींना उपवास सोडायला सांगितलं होतं. गुरुजींनी सोडला नाही. गांधीजींना देव मानणाऱ्या माणसाने त्यांचं ऐकलं नाही, यावरून त्यांच्या मनाची काय अवस्था असेल ती कळते.

पण दुसरा प्रश्न, चोखोबांच्या नावाचा, तो मला पटत नाही. चोखोबांना देव बाहेर भेटला तो देवाचा मोठेपणा. त्याचं निमित्त करून दार लावायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. चोखोबांचे आणि सोयराबाईंचे अभंग नीट वाचले तर त्यांत नुसती शरणागती नाही, तक्रार आहे, विटाळ कुणाला नाही म्हणून सरळ विचारणा आहे. भजनात आपण त्यातले गोड तेवढे घेतो.

दहा-अकरा दिवस उपोषण चाललं. दादासाहेब मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, ते मध्ये पडले, बडवे मंडळींशी बोलणी झाली, त्यांनी संमती दिली आणि गुरुजींनी उपवास सोडला. त्याच वर्षी मुंबई सरकारचा हरिजन मंदिरप्रवेश कायदा झाला आणि अडवणूक करणं गुन्हा ठरलं. जे सहाशे वर्षं झालं नाही ते झालं. देऊळ खुलं होण्याआधी कुणी शास्त्रीबुवांनी मूर्तीतलं तेज मंत्राने पाण्याच्या घागरीत काढून घेतलं, अशीही एक गोष्ट पंढरपुरात सांगतात. गोष्ट खरी असो की रचलेली, दुसऱ्या दिवसापासून लाखो लोकांनी त्याच मूर्तीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कुणाला काही कमी वाटलं नाही.

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली, तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. जूनमध्ये साने गुरुजी गेले.

इथपर्यंतचा इतिहास शाळेच्या पुस्तकातही थोडाफार असतो. पुढचा आपला आहे. देवळाचं दार कायद्याने उघडलं, पण दिंडीतल्या पंगतीला कुठला कायदा लागत नव्हता. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' या पुस्तकात वारीवर 'वाटचाल' हा लेख लिहिला आहे. त्या आळंदीहून दिंडीबरोबर चालल्या होत्या. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एक भजन म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात आणि जेवायची वेळ झाली की वेगळे होतात, हे पाहून त्यांना चैन पडेना. तिथे अजून महार-मांगांचा प्रश्नही आला नव्हता, वरच्यावरच ही स्थिती. पुस्तक १९४९ चं आहे. म्हणजे पंढरीचं दार उघडून झालं होतं.

आपल्या दिंडीत काय होतं? माझ्या आजीने सांगितलेलं आहे तसं लिहितो. तळावर दिंडीची चूल एकीकडे. गावातल्या खालच्या आळीची माणसं पाच-सात असायची, टाळ चांगला वाजवायची, त्यांच्यातल्या एकाचा आवाज तर असा की हरिपाठाला तोच हवा असायचा. पण त्यांची चूल लांब, बाभळीखाली. शिधा त्यांचा त्यांचा. पाऊस आला तर पालात ये म्हणून कुणी म्हणायचं नाही. आजी म्हणायची, "कुणी त्यांना वाईट बोलत नव्हतं गं बाई, पण जवळ ये असंही म्हणत नव्हतं." ती हे माझ्या बहिणीला सांगत होती, मी ऐकत होतो. यावरून कुणाला दोष द्यायचा नाही. आजीलाही नाही. ती त्याच पंगतीत बसून जेवत होती, एवढंच.

चोखोबांच्या लोकांना पंढरीत उतरायलाही जागा नव्हती, हे गाडगेबाबांनी आधीच ओळखलं होतं. त्यांनी १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, शिक्षणासाठी. बाबा दर वारीला पंढरीत असत, वाळवंट झाडत, कीर्तन करत, पण देवळात दर्शनाला जात नसत असं सांगतात. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरच्या इंग्रजी ग्रंथाची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या नावाने केली आहे. म्हणजे देवळांकडे पाठ फिरवली तरी चोखोबांना त्यांनी सोडलं नव्हतं.

मग १९५६. १४ ऑक्टोबरला नागपूरला धर्मांतर झालं. आमच्या खालच्या आळीतल्या घरांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि पुढल्या आषाढीला त्यांच्यातलं कुणी आलं नाही. तेव्हा दिंडीत कुणी म्हणालं धर्म सोडला, कुणी म्हणालं माळ तोडली. आजीचं म्हणणं वेगळं होतं, "हरिपाठ सुना झाला." कुणी आळीत जाऊन विचारलं का, तुम्ही का येत नाही? विचारलं असतं तर बाभळीखालची चूल हे उत्तर मिळालं असतं. दार उघडल्यावर नऊच वर्षांत ज्यांच्यासाठी उघडलं त्यांनी दुसरा रस्ता धरला, याचं आश्चर्य वाटायला नको. त्यांना नुसतं दर्शन नको होतं.

आज परिस्थिती बदलली हेही लिहिलं पाहिजे. दिंडीची चूल एक आहे, पंगत एक आहे, वाढणाऱ्याला कुणी जात विचारत नाही; निदान तोंडावर तरी नाही. पंढरीतही १९७३ च्या मंदिर कायद्याने आणि पुढे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने ब्राह्मणेतर आणि स्त्री पुजाऱ्यांची नेमणूक केली. रुक्मिणीमातेची पूजा बाईच्या हातून होते हे आमच्या आजीने पाहिलं असतं तर तिने काय म्हटलं असतं कोण जाणे. बहुधा आधी नाक मुरडलं असतं आणि मग पुढे होऊन पाया पडली असती.

या स्मरणिकेत मागे दिंडीतल्या दिवंगत वारकऱ्यांची यादी छापली आहे. ती करायचं काम माझ्याकडे होतं. यादी काढली ती जुन्या शिध्याच्या वह्यांवरून: कुणी किती ज्वारी, किती डाळ, किती रुपये दिले, त्यावरून नावं. वह्या छान ठेवल्या आहेत, काही पानं वाळवीने खाल्ली तेवढीच. यादी पूर्ण झाल्यावर मी ती वाचायला खालच्या आळीतल्या एका वयस्कर गृहस्थांकडे घेऊन गेलो. त्यांना जुनं बरंच आठवतं म्हणून. त्यांच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि आत एका खुंटीला एक टाळ लटकलेला आहे. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली. मग म्हणाले, "भाऊ, यात आमचे आजोबा दिसत नाहीत."

नसणारच. त्यांच्या आजोबांचा शिधा दिंडीच्या वहीत कधी चढलाच नव्हता, कारण तो दिंडीच्या चुलीवर शिजत नव्हता. हरिपाठाला ज्याचा आवाज हवा असायचा तो माणूस हाच. माझ्या डोक्यात हे आधी आलं नाही, याची मला लाज वाटली, ती मी त्यांना बोलून दाखवली. त्यांनी चहा करायला सांगितला. म्हणाले, "तुम्ही नाव घाला अथवा नका घालू, आम्ही आता माळकरी नाही. पण तो गेला होता बरं का. सतरा वर्षं पायी गेला होता. आणि समाधीपासून परत यायचा."

समितीच्या बैठकीत मी हा विषय ठेवला. थोडी चर्चा झाली, एक-दोघांनी "जुनं उकरून काढू नये" असं मत दिलं, पण शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. त्या घरच्यांची परवानगी घेऊन आजोबांचं नाव यादीत घातलं आहे. त्यांच्या बरोबरच्या आणखी चौघांची नावं त्या गृहस्थांनी आठवून सांगितली, तीही घातली. राहिलेली कुणाला आठवत असतील, मग तुम्ही आज माळकरी असा वा नसा, तर कार्तिकी वारीच्या आधी विणेकऱ्यांकडे कळवावीत. यादीच्या शेवटी त्यासाठी अर्धं पान कोरं ठेवलं आहे.